उद्याच्या गोष्टीतला वायरमन

भविष्यकाळातली गोष्ट हाती आली, पुस्तकातली असो की पडद्यावरची, मी तिच्यात आधी वायरमन शोधते. खांबावर चढणाराच पाहिजे असं नाही. गाड्या उडत असतील तर बंद पडल्यावर त्या कोण खोलतं, शहरावर काचेचा घुमट असेल तर तो धुतं कोण, घरात यंत्रमानव राबत असेल तर त्याचा सुटा भाग कुठे मिळतो आणि दुकानदार तो उधारीवर देतो का, हे लिहिणाऱ्याच्या मनात एकदा तरी येऊन गेलंय का, एवढंच मला बघायचं असतं. येऊन गेलं असेल तर ते कथेत कुठेतरी दिसतंच. एखाद्या वाक्यात, एखाद्या पात्राच्या हाताला लागलेल्या ग्रीसमध्ये. नसेल आलं, तर पुढे कितीही ग्रह फुटोत, माझं मन त्या गोष्टीत बसत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली की शेतकरी वर्गणी काढतात, कुणी ट्रॅक्टर देतं, आणि जळकी डीपी ट्रॉलीत घालून तालुक्याला नेतात. ती बदलून येईपर्यंत पीक माना टाकतं. लाइन आली तरी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या लाइनीला माणूस टॉर्च आणि काठी घेऊन वावरात जातो, सापाचा नि रानडुकराचा कानोसा घेत मोटार सुरू करतो. त्याच माणसाच्या शर्टाच्या खिशात अकोल्याच्या बाजारातला तुरीचा भाव, उपग्रहाने टिपलेले ढग आणि सुरतला कामाला गेलेल्या मुलाचा चेहरा दाखवणारा फोन असतो. आमच्याकडे जुनं उठून जात नाही, नवं येऊन त्याच्या शेजारी बसतं. भविष्याच्या गोष्टी इथल्या वाचकाला परक्या वाटणार, असं शहरातले मित्र गृहीत धरतात. मला मात्र या गोष्टींचे इतके कडक परीक्षक दुसरीकडे भेटलेले नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर गावच्या वाचनालयात आम्ही बसतो. कधी कथा वाचतो, कधी भिंतीवर प्रोजेक्टर लावून चित्रपट बघतो. 'इंटरस्टेलर' बघितला तेव्हा मला वाटलं होतं की कृष्णविवर आलं की पोरं थक्क होतील. 2014 सालचा हा चित्रपट. त्यातलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून काढलेलं आहे, आणि त्याला पुढे 2017 साली नोबेल मिळालं. पोरांनी ते बघितलं, आवडलंही. पण ती सावरून बसली ती फार आधी, सुरुवातीलाच. धुळीची वादळं येतात म्हणून टेबलावर ताटं उपडी मांडलेली असतात. एका रोगाने एकेक पीक संपत चाललंय, गहू गेला आहे, शेजारचा शेतकरी उभं पीक पेटवून देतो, आणि कुणीतरी सहज बोलावं तसं बोलतं की भेंडीचं हे शेवटचं पीक, यानंतर कधीच नाही.

आठवीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, शेवटची भेंडी? म्हंजे बीबी नाई?" तिची आई दरवर्षी धुऱ्यावर भेंडी लावते आणि बी राखून ठेवते. पृथ्वीचा अंत म्हणजे काय ते त्या मुलीला त्या एका भाजीने कळलं. शहरं कोसळताना दाखवून ते कळलं नसतं. कोसळणारी शहरं आपण पडद्यावर इतकी बघितली आहेत की आता ती बघताना जेवणही थांबत नाही.

पुढे नायक आपल्या पोरांना घेऊन मक्याच्या उभ्या पिकातून गाडी घालतो आणि भरकटलेलं एक भारतीय ड्रोन खाली उतरवतो. कशासाठी, तर त्याच्यावरच्या सौर पट्ट्या काढून शेतीच्या यंत्राला लावायच्या आहेत. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला: "हा तं आपल्यासारखाच हाय! इकडचं काढून तिकडं लावून राह्यला." त्या क्षणापासून तो माणूस त्यांचा झाला. नासाचा माजी वैमानिक असणं त्यांना दूरचं होतं. भंगारातून शेतीचं यंत्र चालतं ठेवणारा शेतकरी जवळचा. क्रिस्टोफर नोलनने या चित्रपटासाठी कॅनडातल्या अल्बर्टात 500 एकर मका खरोखर पेरला आणि नंतर विकला, नफ्यात. हे सांगितलं तेव्हा पोरांनी पहिला प्रश्न विचारला तो भाव काय मिळाला हा. मला तो प्रश्न फार आवडला. संगणकावर हिरवळ काढून दिली असती तर तो आला नसता.

या चित्रपटात एक ग्रह आहे, जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथे थोडा उशीर होतो आणि परत यानात येईपर्यंत घरी तेवीस वर्षं उलटलेली असतात. बाप पडद्यासमोर बसून साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, नातू होतो, आणि मग मुलगा सांगतो की आता मी तुम्हाला निरोप पाठवणं थांबवतो. सापेक्षतावादाचा धडा म्हणून मी हे कितीदा तरी शिकवलं असेन. ज्यांचे वडील पुण्याला नाहीतर सुरतला आहेत, त्या पोरांना धड्याची गरज पडली नाही. कल्पनेची किंमत तिथे कुणीतरी मोजतो आहे, हातातून निसटलेल्या वर्षांत मोजतो आहे. शेवटी शेवटी मात्र पुस्तकांच्या कपाटामागे सगळं जुळवून आणताना हा चित्रपट माझ्या मते सैल पडतो, कारण तिथे किंमत मोजणं थांबतं. प्रेमाने सगळ्या मिती ओलांडता येतात म्हटलं की हिशेब ठेवायची जबाबदारी संपते.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून एक प्रसंग सांगते. स्टॅनली कुब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' 1968 सालचा, माणूस चंद्रावर उतरण्याच्या आधीचा. त्यात एक अधिकारी अवकाशस्थानकावरच्या फोनच्या बूथमधून घरी फोन लावतो. समोर मुलीचा चेहरा दिसतो. ती त्याला विचारते, वाढदिवसाला येणार ना? तो नाही म्हणतो. काय आणू विचारल्यावर ती आधी टेलिफोन मागते, मग बुशबेबी नावाचा माकडासारखा एक छोटा प्राणी मागते. बोलणं संपतं आणि पडद्यावर बिल उमटतं, एक डॉलर सत्तर सेंट. भविष्य सांगण्याच्या परीक्षेला बसवलं तर हा प्रसंग नापास होईल. बूथ उरले नाहीत, आणि ज्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या यानातून तो गृहस्थ वर गेला ती 1991 सालीच बंद पडली. तरीही तो प्रसंग शिळा झालेला नाही. तालुक्याच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पुढे सरकताना बघत, घाईघाईने "बरी आहेस ना, औषध घेतेस ना" विचारणारी माणसं मी लहानपणी बघितली आहेत. दूर गेलेल्या बापाला पोरीचा चेहरा दिसावा पण हात लावता येऊ नये, आणि त्या दिसण्याचेही पैसे पडावेत, हे कुब्रिकला कळलं होतं. यंत्र चुकलं तरी चालतं.

अंदाज बरोबर आला का, या एका कसोटीवर या कथा जोखणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. 'ब्लेड रनर' 1982 साली आला तेव्हा फारसा चालला नाही. त्यातली गोष्ट घडते नोव्हेंबर 2019 मध्ये. तो नोव्हेंबर येऊन गेला, आम्ही त्या महिन्यात पावसाने भिजलेलं सोयाबीन वाळवत होतो, उडत्या गाड्या कुठेच नव्हत्या. चित्रपट मात्र लोक अजून बघतात. त्यातला एक महत्त्वाचा भाग लॉस एंजेलिसमधल्या 1893 साली बांधलेल्या इमारतीत चित्रित केला आहे. पावसात गळणारी, जुन्या जाळीदार लिफ्टची इमारत, आणि तिच्यात राहतो पुढच्या शतकातला कारागीर. नव्या काळात जुनी घरं पाडली जात नाहीत, त्यात माणसं राहत राहतात, हे ज्याला उमगलं त्याचं भविष्य खरं वाटतं.

'एलियन'मध्ये, 1979 साली, इंजिनखोलीत काम करणारे दोघं राक्षस येण्याच्या कितीतरी आधी आपल्या वाट्याच्या बोनससाठी कुरकुरतात. 'स्टार वॉर्स'मधला काका हवेतल्या ओलाव्यावर शेती करतो, फेरीवाल्यांकडून जुने यंत्रमानव घासाघीस करून घेतो आणि शिकायला निघू बघणाऱ्या पुतण्याला म्हणतो, एवढा हंगाम काढ, मग जा. हे वाक्य आमच्या गावात किती घरांत बोललं गेलं असेल!

आता माझ्या अगदी जवळची गोष्ट सांगते. आमच्याकडे भविष्य 2002 साली आलं, पाकिटातून.

त्या वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसाच्या झाडात घातलेला, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करतं. पाकिटात 450 ग्रॅम बीटी बी, आणि सोबत 120 ग्रॅमचं साध्या बियाण्याचं लहान पाकीट. ते वावराच्या कडेने पेरायचं होतं. त्यामागचा विचार सुंदर आहे: साध्या झाडांवर काही अळ्या जगतील, त्यांचे पतंग होतील, आणि बीटी पचवून वाचलेल्या एखाददुसऱ्या पतंगाशी त्यांचा संकर होत राहील. म्हणजे विष पचवणारी अळ्यांची फौज एकदम तयार होणार नाही. थोडं पीक अळीला द्यायचं, म्हणजे बाकीचं आपल्याला राहतं.

माझे सासरे त्या दिवसांबद्दल सांगतात: "आमी म्हटलं, हे लहानसं पाकीट कायले? वावर आपलं, मेहनत आपली, आन् जेवण अळीले?" बहुतेकांनी ते पाकीट पेरलं नाही. ज्याच्याकडे चार एकर कोरडवाहू आहे आणि डोक्यावर सावकार आहे, त्याने कडेच्या ओळी अळीला सोडाव्यात, ही अपेक्षाच किती मोठी होती. त्यात फरदड. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवली, एखादं पाणी दिलं की आणखी एक वेचणी निघते, चार पैसे येतात. पण तेवढे महिने अळीलाही घर मिळतं. पहिली वर्षं चांगली गेली. मग 2017 सालच्या हंगामात डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमलणारी फुलं, दिसायला लागल्या. बोंड बाहेरून धड, फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. उभ्या पऱ्हाटीत लोकांनी जनावरं सोडली, कुणी ट्रॅक्टर फिरवला. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

मी पुष्कळ विज्ञानकथा वाचल्या, पण माणसाचा शोध, त्याच्यासोबत आलेली अट, ती अट न पाळण्याची अगदी समजण्याजोगी कारणं आणि शांतपणे आपला हिशेब करणारा निसर्ग, हे सगळं इतक्या नेटकेपणाने एकत्र आलेलं मला क्वचितच वाचायला मिळालं. इथे वेडा शास्त्रज्ञ नाही. खलनायक शोधायला गेलं तर प्रत्येकाच्या हातात थोडी थोडी चूक सापडते आणि पुरेसं कुणाच्याच हातात सापडत नाही. हीच गोष्ट कच्च्या लेखकाच्या हाती पडली असती तर त्याने अळी हत्तीएवढी केली असती आणि शेवटी एका तरुण शास्त्रज्ञाकडून तिचा नायनाट करवला असता. चांगल्या लेखकाने नजर त्या 120 ग्रॅमच्या पाकिटावर ठेवली असती. रात्री कंदिलाच्या उजेडात ते पाकीट हातात घेऊन बसलेला माणूस, पेरू की नको: कथा तिथे आहे. 1995 साली एखाद्याने अशी कथा लिहिली असती तर त्याला जनुकांचं फार ज्ञान लागलं नसतं. कोरडवाहू शेतकऱ्याचं डोकं कसं चालतं एवढं माहीत असणं पुरलं असतं.

नव्या यंत्राचं वर्णन करणं हे या प्रकारातलं सगळ्यात सोपं काम आहे. ट्रॅक्टर येणार हे पन्नास वर्षांपूर्वी कुणीही सांगितलं असतं. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी होतील, बैल गेले की शेणखत जाईल, रिकाम्या गोठ्यात मोटारसायकल उभी राहील, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या करायला बैलजोड्या कमी पडतील, हे दिसायला वेगळी नजर लागते. आज आमच्या शिवारात फवारणीचं ड्रोन आलंय. गावोगावच्या बायका ते चालवायला शिकतायत. विषाच्या फवाऱ्यातून माणूस बाहेर निघाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण ड्रोनवर कथा लिहायची तर मी आकाशाकडे बघणार नाही. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणाऱ्या माणसाची मजुरी कुठे गेली आणि तो आता काय करतो, त्याच्या दारात जाऊन बसेन.

मराठीत या वाटेवर मोठी माणसं चालून गेली आहेत. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. 20 मे 2025 ला ते गेले तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. शाळा उघडल्यावर आम्ही त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचली. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती कानाजवळून निघून गेली असती तर? नारळीकर एवढंच बदलतात. मग इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत रेल्वेने मुंबईत येतात आणि त्यांना दिसतं की हा देश वेगळ्याच वाटेने गेला आहे. ते काय करतात? ग्रंथालय गाठतात आणि बखर उघडतात. इतिहासाचा माणूस दुसरं काय करणार! कथेतलं विज्ञान, पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) वगैरे, नंतर येतं. आधी येतो एका पेशाचा माणूस आणि त्या पेशाची सवय. आणि बदल निवडला आहे तोही मराठी मनात अजून सलणाऱ्या जागेवरचा. पोरांना पुंजभौतिकी कळली नाही. गोळी किती जवळून गेली हे दाखवायला मात्र प्रत्येकाने आपापला कान धरून बघितला.

नारळीकरांची ही शिस्त पुढच्या अनेकांना पेलली नाही, हे मी दुःखाने लिहिते. दोन शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत बसून, दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकमेकांना चार पानं समजावतात, ही कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे. पात्रांना पगार नसतो, गाव नसतं, जात नसते, गुडघेदुखी नसते. इसवी सन 2300 मध्येही स्वयंपाकघरातून चहा घेऊन येते ती बाईच. आणि विदर्भ? या कथांत तो मला जवळजवळ सापडत नाही. लेखक आमच्याकडे येतो तो वाघ बघायला, नाहीतर आत्महत्येची बातमी करायला. इथली माणसं उद्याही जगणार आहेत, त्या उद्यात त्यांचेही बेत असतील, हे त्याच्या मनात येत नाही. भविष्याच्या नकाशात एखादा प्रदेश रिकामा सोडला की तिथल्या पोरांना वाटतं, आपण तिथे असणारच नाही.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर एका बाईने ते 1905 सालीच बदलून दाखवलं. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात आली. तिथे बायका राज्य करतात आणि पुरुष पडद्यात राहतात. बायकांच्या विद्यापीठाने फुगा बांधून ढगांतून हवं तेवढं पाणी ओढून घ्यायची युक्ती काढली आहे. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवायची. पण स्वप्नात तिथे पोहोचलेली सुलताना विचारते काय, तर तुम्ही स्वयंपाक कसा करता? कारण स्वयंपाकघरात कोळसा दिसत नाही, धूरही दिसत नाही. मेच्या उन्हात चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईने हाच प्रश्न आधी विचारला असता. बायका दोन तासांत कचेरीचं काम उरकतात, याचा हिशेबही दिला आहे: पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो, एकेका चिरुटाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरात गेले. हे वाचलं तेव्हा आमच्या मुली खिडकीतून पानठेल्याकडे, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेल्या मंडळींकडे बघून खूप हसल्या. मग एकीने वही उघडली आणि आपल्या घरातल्या पुरुषांचा हिशेब मांडायला घेतला. एकशेवीस वर्षांपूर्वीची कथा, आणि वाचून पोरगी वही उघडते. पाऊस पाडणारा फुगा अजून कुणी बांधलेला नाही, पण त्या कथेला काही कमी पडलं नाही.

पडद्यावरच्या गोष्टींबद्दल आपल्याकडे एक पळवाट नेहमी ऐकू येते: आपल्याकडे तेवढा पैसा नाही. माझं माहेर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं, वडशाच्या बाजूचं. तिथे धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. पडद्यावर रंगवलेला महाल वाऱ्याने हलतो, आणि तरीही नटाने लेक वारल्याचं ऐकून खाली बसायचं कसं ते नेमकं साधलं, तर मंडपात कुणी हलत नाही. तेच प्रेक्षक एखादा खोटा हुंदका आला की ताडकन ओरडून सांगतात. महाल खोटा आहे हे त्यांना चालतं. माणूस खोटा चालत नाही. 2008 साली 2050 ची मुंबई दाखवणारा एक मोठा हिंदी चित्रपट आला, खर्च प्रचंड, गाड्या आकाशातून उडणाऱ्या. तो पडला. त्या मुंबईत कामावरून थकून घरी परतणारं माणूस दिसल्याचं मला आठवत नाही. मुंबईतून घाम काढून टाकला तर मागे नुसत्या इमारती राहतात, आणि त्या कितीही उंच काढल्या तरी आम्ही त्यात कुणासाठी जीव मुठीत धरून बसायचं?

माझ्या वाचनालयातली पोरं आता स्वतः लिहितायत. मी त्यांना नारळीकरांची शिस्त घालून दिली आहे: एकच गोष्ट बदला आणि मग प्रामाणिकपणे तिच्या मागे जा. दहावीतल्या एका मुलीने बदल निवडला तो उन्हाचा. तिच्या कथेतल्या विदर्भात ऑक्टोबरही मेसारखा तापतो, सकाळी नऊनंतर उघड्यावर काम करायला बंदी आहे, म्हणून गाव रात्रीचं झालं आहे. शाळा रात्री, आठवडी बाजार रात्री, लग्नं तर रात्रीच. इथवर मला अंदाज होता. मग तिने कापूस वेचायला बाया रात्री वावरात पाठवल्या, कपाळावर दिवे बांधून. आणि तिच्या लक्षात आलं की रात्री दव पडतं. दवात वेचलेला कापूस ओला. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे ओला कापूस वजनाला भरतो आणि वेचणाऱ्या बाईला दोन पैसे जास्त मिळतात. शेतकरी तोच कापूस खरेदी केंद्रावर नेतो तेव्हा आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. तिची आई दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाते. तिच्या मैत्रिणीचे वडील शेतकरी आहेत. दोघीही कथेत आहेत, नावं बदलून.

"मॅडम, काटा कवा लावाचा?" तिने मला विचारलं. "पहाटे लावला तं शेतकरी मरते, ऊन आल्यावर लावला तं बाई मरते."

मी काही सुचवलं नाही. तिने आधी यंत्राने कापूस वाळवून बघितला, पण त्या यंत्राच्या विजेचं बिल कुणी भरायचं यावर दोन पानं भांडण लिहून ते खोडलं. मग मैत्रिणीच्या वडिलांना जाऊन खऱ्या काट्याबद्दल विचारून आली, आणि आईला वेगळं विचारून आली. दोघांची उत्तरं जुळत नाहीत. पुढच्या शनिवारी ती दोन्ही शेवट लिहून आणणार आहे आणि आईलाही ऐकायला घेऊन येणार आहे.